काटा हलत नाही, तीच गोची आहे

ओएम (आम्ही हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, एकमेकांना अशीच हाक मारतो), नमस्कार.

अँटेनाच्या मास्टची, म्हणजे खांबाची, वर्षातून दोनदा तपासणी करा, असं मी लिहिलं म्हणून तुम्ही मला चांगलंच झोडपलंय. मुद्दे तीन. एक, मी नव्या पोरांना उगाच घाबरवतो. दोन, नाशिक रोडला तुमच्या बंगल्यावरचा 40 फुटी टॉवर 11 वर्षं हात न लावता उभा आहे आणि 40 मीटर बँडच्या (7 मेगाहर्ट्झच्या पट्ट्याच्या) या टोकापासून त्या टोकापर्यंत एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप; 1 म्हणजे काहीच नाही) 1.2 च्या वर जात नाही. तीन, माझं लांबीचं सूत्र चुकीचं, कारण त्यावरून तुम्ही पुतण्यासाठी कापलेला डायपोल (दोन सारख्या हातांचा तारेचा अँटेना) 7.1 ऐवजी 6.9 मेगाहर्ट्झवर जाऊन बसला. वर 'आधी गच्चीवर जा, मग लिहा' हा आहेरही.

सूत्राचं आधी मिटवतो, कारण तिथे चूक माझीच आहे. 143 भागिले मेगाहर्ट्झ म्हणजे डायपोलची एकूण लांबी मीटरमध्ये, हे उघड्या तांब्याच्या तारेसाठी. 7.1 ला ती 20.14 येते, म्हणजे एक हात 10 मीटर 7 सेंटीमीटर. पुतण्यासाठी तुम्ही घरच्या वायरिंगची प्लॅस्टिक आवरणाची तार वापरली असणार. आपण सगळे तीच वापरतो. आवरणामुळे तार विजेच्या हिशेबाने लांब होते, आणि गच्चीचा स्लॅब जवळ असला की फ्रिक्वेन्सी आणखी खाली ओढली जाते. हे मी लिहायला हवं होतं. 6.9 वरून 7.1 वर यायला प्रत्येक हात साधारण 28 सेंटीमीटर कमी करावा लागेल. लगेच कापू नका. टोकं मागे दुमडून, तारेलाच घट्ट गुंडाळून बघा. जमलं की मग पक्कड.

आता त्या 1.2 कडे येतो. तुमच्या प्रतिक्रियेत मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच.

आपला बँड 7.0 ते 7.2. बारीक तारेचा धडधाकट डायपोल मध्यावर 1.1 दाखवत असेल, तर दोन्ही टोकांना काटा 1.5 च्या आसपास तरी चढायला हवा. पुतण्याच्या नव्या केबलवर (रेडिओपासून अँटेनापर्यंतच्या) तुम्हाला 6.9 ला दरी, म्हणजे काटा खाली येतो ती जागा, स्पष्ट दिसली, म्हणून तर तुम्ही माझ्यावर चिडलात. मग टॉवरवरच्या जुन्या केबलवर दरी का दिसत नाही? सपाट 1.2 तर डमी लोडही (अँटेनाऐवजी लावायचा, पॉवर नुसती गिळणारा रेझिस्टर) दाखवतो, आणि त्यावरून कुणी क्यूएसओ, म्हणजे रेडिओवर संपर्क, केलेला मी ऐकलेला नाही. केबल खराब झाली की जाताना पॉवर खाते आणि अँटेनाकडून परत आलेलीही खाते. खाली मीटरला परत येणारं फारसं काही दिसतच नाही, आणि आपण खूश.

मी स्वतः असाच खूश झालो होतो. म्हसरूळला माझ्या गच्चीवर 30 फुटी मास्ट आहे. 2019 च्या पावसाळ्यात एसडब्ल्यूआर 1.6 वरून हळूहळू 1.3 वर आला. गंगापूर धरण भरलं, जमीन ओली झाली, म्हणून सुधारणा, असा शोधही मी लावला आणि चार जणांना ऐकवला. ऑक्टोबरात मास्ट आडवा केला. खालचा कनेक्टर उघडला तर चमचाभर पाणी हातावर आलं. वरच्या टोकाला मी नुसती इलेक्ट्रिशियनची काळी टेप गुंडाळली होती. उन्हाने ती कडक होऊन सुटली होती. पाणी तिथून शिरून केबलच्या आतल्या तांब्याच्या जाळीतून झिरपत खालपर्यंत उतरलं होतं. अर्धा-अर्धा मीटर कापत गेलो. जाळी आधी हिरवी पावडर, मग काळी, मग चॉकलेटी. लखलखीत तांबं लागेपर्यंत 11 मीटर केबल कचऱ्यात गेली होती. तेव्हापासून सांध्यावर आधी स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ओढून, ती खालून वर गुंडाळायची म्हणजे थर कौलांसारखे बसतात, आणि उन्हासाठी वरून काळी टेप.

तुमच्या केबलची परीक्षा सोपी आहे. वरचं टोक अँटेनापासून सोडवा, उघडंच ठेवा आणि खाली एसडब्ल्यूआर मोजणारा अँटेना अ‍ॅनालायझर लावा. रेडिओने ट्रान्समिट करू नका, फायनल्स (रेडिओचे शेवटच्या टप्प्यातले पॉवर ट्रान्झिस्टर) जातील. केबल चांगली असेल तर एसडब्ल्यूआर प्रचंड येतो. 3 आला तर समजा, 100 वॅट सोडले की वर 50 पोचतात.

राहिला घाबरवण्याचा मुद्दा. 'वर्षातून दोनदा' हे मी परदेशी पुस्तकातून उचललेलं नाही. माझं आजोळ निफाडचं, मामाची द्राक्षबाग आहे. मांडवाचा भार तारांवर आणि तारांचा भार कडेच्या डांबांना बाहेरून दिलेल्या ताणांवर. एप्रिलात खरड छाटणीला आणि ऑक्टोबरात गोडी छाटणीला मामा बागेच्या कडेने फिरतो आणि प्रत्येक ताण तळहाताने दाबून बघतो. का, तर वळवाच्या वाऱ्यात एक ताण सुटला की अख्खी ओळ झोपते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. तीन ताणांवरच्या आपल्या मास्टचं गणित मांडवाहून वेगळं नाही. वायर रोपच्या क्लिपा तेवढ्या बघा: यू-बोल्ट कापलेल्या टोकावर आणि खोगीर (क्लिपचा खाचेचा भाग) भार घेणाऱ्या तारेवर हवं. माझ्या मास्टला फॅब्रिकेटरने सगळ्या उलट्या लावून दिल्या होत्या आणि मी दोन वर्षं त्याखाली कपडे वाळत घातले.

एका बाबतीत मात्र मी घाबरवतच राहणार. टॉवर कुठल्याही बाजूला आडवा झाला तरी त्याचं टोक किंवा तुटलेली तार महावितरणच्या तारांपर्यंत पोचता कामा नये. संक्रांतीला टॉवरवर पतंग अडकला की शेजारची पोरं काय करतात, हे तुम्हाला सांगायला नको.

तुमच्या टॉवरवर एवढ्यात चढू नका. पायाजवळ, काँक्रीटमधून पाईप बाहेर येतो तिथे, हातोडीने टकटक करून बघा. पाणी साचून पाईप आतून गंजतो, वरचा रंग शाबूत असतो. आवाज बद्द आला तर कुणालाच चढवू नका. खणखणीत आला, तर येत्या रविवारी मी अ‍ॅनालायझर घेऊन येतो आणि आपण तार खाली घेऊनच काम करू. शेंड्याला कप्पी आहे की तार थेट बांधली आहे, तेवढं कळवा.

73 (आमच्या भाषेत शुभेच्छा)