घनता बरोबर आहे, सर

“पाण्याच्या बाटलीत पाणी नाही निघणार, तर काय निघणार, सर?” असा प्रश्न सोलापूर जिल्ह्यातल्या एका पेट्रोल पंपाच्या व्यवस्थापकाने गेल्या आठवड्यात मला चार माणसांदेखत विचारला आणि त्या चारांपैकी तिघे हसले. माझ्या हातात लिटरभराची प्लास्टिकची बाटली होती आणि तिच्यात माझ्याच मोटारीच्या डिझेल फिल्टरच्या तळातून काढलेला ऐवज होता: वर पिवळसर डिझेल, खाली चांगले चार बोटे गढूळ पाणी आणि दोघांच्या सीमेवर एक काळपट, बुळबुळीत थर. चौथा माणूस हसला नाही, कारण तो त्या वेळी बाटलीच्या टोपणाचा वास घेत होता. त्याच्याविषयी पुढे सविस्तर लिहिणारच आहे.

पूर्वपीठिका अगदी थोडी आहे. सकाळी या पंपावर 25 लिटर डिझेल भरले, त्या वेळी आवारात टँकर रिकामा होत होता. पुढे काही किलोमीटरवर गाडीच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, गाडी गचके खाऊ लागली आणि एका उसाच्या फडाशेजारी कायमची थांबली. जवळच्या गावातल्या मेकॅनिकने फिल्टरखालचा स्क्रू सैल करून बाटली भरली, ती उजेडात धरली आणि अतिशय गंभीरपणे सांगितले, “ह्यात थोडं डिझेल पण हाय.” मग त्याने हाताने पंप मारून एअर काढली आणि पंपापर्यंत पोहोचण्यापुरता गाडीत जीव आणला.

इथे थोडे पदार्थविज्ञान सांगणे भाग आहे, कारण ते त्या पंपावर कोणीही ऐकून घेतले नाही. लिटरभर डिझेलचे वजन साधारण 830 ग्रॅम भरते आणि पाण्याचे एक किलो, म्हणून पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत शिरलेले पाणी तळाशी जाऊन बसते. उपसणारा पाइप तळापासून थोडा वर ठेवलेला असल्यामुळे एरवी ते तिथेच शांतपणे राहते. टँकर रिकामा होऊ लागला की तळ ढवळला जातो आणि त्या वेळी नळी ज्याच्या गाडीत असेल, त्याला तळाचा प्रसाद मिळतो. जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन असला प्रसाद कुरकुरत का होईना, पण पचवते. आताच्या कॉमन रेल इंजिनाचे तसे नाही. टायरमध्ये जेमतेम सव्वादोन बार दाब असतो. या इंजिनात डिझेल 1600 बार आणि त्याहूनही अधिक दाबाने केसाएवढ्या छिद्रांतून फवारले जाते आणि त्या यंत्रणेच्या हलत्या भागांना वंगणही डिझेलचेच असते. तिथे पाणी पोहोचले की डिझेल फवारणारे इंजेक्टर आणि उच्च दाबाचा पंप दोन्ही आजारी पडतात आणि त्यांच्या आजारपणाचा खर्च पाच आकड्यांखाली बोलत नाही.

व्यवस्थापकाने आधी बाटलीवर शंका घेतली, मग माझ्या टाकीवर आणि अखेरीस थेट केंद्र सरकारवर. “हल्ली सगळ्यात इथेनॉल असतं, सर. इथेनॉल पाणी ओढतं. त्याला आम्ही काय करणार?” इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात, 20 टक्क्यांपर्यंत मिसळतात आणि ते पाणी धरून ठेवते, हे सगळे खरे, पण मी डिझेल घेतले होते, असे मी म्हणालो. तेवढ्यात टोपणाचा वास घेणारा तो चौथा माणूस ताडकन उठला.

त्यांना सगळे तात्या म्हणत होते. ते पंपाचे नोकर नव्हते आणि मालकही नव्हते. हवा भरायच्या यंत्राशेजारी त्यांची एक लाल प्लास्टिकची खुर्ची होती आणि तिच्यावर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांची देखरेख करीत असत, एवढाच त्यांचा पंपाशी संबंध मला उमगला. पांढरे धोतर, डोक्यावर टोपी आणि नव्या भावजयीच्या माहेरचे अत्तर पारखायला बसलेल्या मामाने दाखवावा तसला चोखंदळपणा.

“इथेनॉलला नाव ठिवायचं न्हाई,” तात्या व्यवस्थापकाला म्हणाले. “ऊस आमचा. रस आमचा. पाणी तुझ्या टाकीत निघालं की वांदा आमच्या इथेनॉलचा व्हय रं?”

मला साक्षीदार मिळाला, म्हणून मी हरखलो. तात्यांनी माझ्या हातून बाटली घेतली, ती तिरकी केली, खालच्या थरात करंगळी बुडवता येईना म्हणून टोपणात थोडे ओतून घेतले, दोन बोटांत चोळले, पुन्हा हुंगले आणि मी “अहो, अहो” म्हणेपर्यंत बोट जिभेला लावले. पंपावरची सगळी विक्री क्षणभर थांबली. एक दुचाकीवाला नळी टाकीत तशीच ठेवून बघत राहिला.

“बोअरचं न्हाई,” तात्यांनी निकाल दिला. “बोअरचं खारट असतंय. ह्ये पावसाचं हाय. परवाच्या.”

“तात्या, डिझेल कशाला चाटताय?” व्यवस्थापक कळवळून म्हणाला. “डॉक्टरांनी काय सांगितलंय तुम्हाला?”

“डाक्टरनं साखर बंद केलीया,” तात्या म्हणाले, “डिझेल न्हाई.”

यानंतर ते माझ्याकडे वळले आणि पाव्हणं कुठलं, काय करता, मुलं किती, ही प्राथमिक चौकशी आटोपून त्यांनी आपल्या तीन एकर उसाची हकिकत सुरू केली. ऊस कारखान्याला जाऊन कित्येक महिने झाले होते. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात, हे तात्यांना तोंडपाठ होते आणि पैसे आलेले नव्हते, हेही. “कायदा हाय,” ते म्हणाले, “पर कायद्याला काय खात्यात का लावत्यात?” माझी गाडी तापत उभी होती, बाटलीतला पुरावा तात्यांच्या हातात होता आणि ते तो हातवारे करण्यासाठी वापरत होते. ढवळून ढवळून पाणी व डिझेल इतके एकजीव झाले की काही काळ माझ्याकडे पुरावाच उरला नाही. तो खाली बसेपर्यंत मला गाळपाचा संपूर्ण हंगाम ऐकावा लागला.

पंपाच्या भिंतीवर ग्राहकांच्या हक्कांचा फलक होता. शुद्धता तपासून घ्या, 5 लिटरच्या मापाने मोजून घ्या, तक्रार वही मागा, असे त्यावर सौजन्याने लिहिले होते. मी घनतेची चाचणी मागितली, तेव्हा मात्र मंडळींच्या चेहऱ्यावर असे भाव आले की जणू मी लग्नाच्या पंगतीत आचाऱ्याचे जात प्रमाणपत्र मागितले. कपाटाची किल्ली शोधण्यात आली. काचेचे उभे भांडे धुण्यात आले आणि ते पाण्याने धुतले जात आहे, याकडे मी लक्ष वेधले तेव्हा पुसण्यातही आले. नळीतून नमुना काढला, त्यात घनता मोजणारा हायड्रोमीटर तरंगवला, तापमान घेतले आणि मग तक्ता उघडून ती घनता 15 अंश सेल्सियसला किती भरेल, हे पाहिले. सोलापूरच्या डिझेलने 15 अंश आयुष्यात कधी अनुभवलेले नसतात. तरी त्याची पत्रिका त्याच तापमानावर मांडतात. नोंदलेल्या आकड्यापेक्षा घनमीटरमागे 3 किलोंहून अधिक फरक असेल, तरच संशय घ्यायचा, असा नियम आहे.

“घनता बरोबर आहे, सर.”

बरोबर असणारच होती. ढवळलेला तळ एव्हाना स्थिरावला होता आणि ज्या पाण्याने ती बिघडली असती, त्यातले बरेचसे माझ्या टाकीत, माझ्या खर्चाने, प्रवासाला निघून गेले होते. टाकीच्या तळाशी पाणी आहे का, हे पाहण्यासाठी मोजकाठीला लावायची एक पेस्ट असते. पाणी लागले की तिचा रंग बदलतो. ती मागितल्यावर कळले की ती संपली आहे.

मी मोबाइल काढून टाकीच्या झाकणाचे छायाचित्र घेऊ लागलो, तेव्हा व्यवस्थापकाचा ‘सर’ नाहीसा झाला. “इथं शूटिंग करायचं नाही,” असे तो वेगळ्याच आवाजात म्हणाला. ठिणगीचा धोका, नियम, सगळे मान्य. पण याच महाराष्ट्रात, मनमाडजवळ, 25 जानेवारी 2011 रोजी मालेगावचे अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी एका ढाब्यापाशी चाललेला टँकरमधल्या इंधनाचा काळा व्यवहार हटकला आणि त्यांना भरदिवसा जिवंत जाळण्यात आले. रेशनचे निळे रॉकेल डिझेलमध्ये ओतून गब्बर झालेल्या त्या काळाविषयी आपण आता फारसे बोलत नाही. माझ्या बाबतीत प्रकरण पावसाच्या पाण्याचे होते, गुन्हेगारीचे नव्हते, बहुधा निव्वळ सैल झाकणाचे होते. तरीही हात खिशात गेला आणि मोबाइलही. याचा मला अजून राग येतो आणि तो नक्की कोणावर काढावा, हे ठरलेले नाही.

कागदावर आपले डिझेल जगातल्या उत्तम डिझेलांपैकी आहे. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6, म्हणजे धुराच्या कडक निकषांत बसणारे इंधन मिळते आणि त्यात गंधक दहा लाखांत फार तर 10 भाग असते. घानामध्ये 2017 पर्यंत हीच मर्यादा 3000 होती, म्हणजे तिथल्या वाहनचालकाला धुराड्यातून मिळणारे सगळे दुःख कायदेशीर होते. आपल्याकडे शुद्धीकरण कारखान्यात दहा लाखांत 10 भागांचा हिशेब चोख ठेवतात आणि मग ते डिझेल अशा टाकीत ओततात की तिच्या झाकणाचे रबर गेल्या पावसाळ्यातच मयत झालेले असते. दहा लाखांतल्या 10 भागांसाठी प्रयोगशाळा आहेत. माझ्या 25 लिटरांतल्या तांब्याभर पाण्यासाठी फक्त तात्यांची जीभ होती आणि ती कोणत्याही मंचापुढे ग्राह्य धरली जाणार नाही.

पुढे गाडी ओढून सोलापुरात नेली. टाकी उतरवली, फिल्टर बदलला, इंजेक्टर तपासणीला गेले. कार्यशाळेने कागदावर ‘दूषित इंधन, वॉरंटी लागू नाही’ असे सुवाच्य अक्षरात लिहून दिले. म्हणजे डिझेल खराब होते हे ठामपणे सांगणारी एक संस्था मला अखेर मिळाली, पण ती पैसे मागणाऱ्या बाजूला होती. पंप म्हणतो इंधन चांगले, कार्यशाळा म्हणते इंधन वाईट आणि दोन्ही विधानांचे पैसे मीच भरले.

निघण्यापूर्वी मी पंपावरच्या तक्रार वहीत सगळे सविस्तर लिहिले होते: वेळ, पावतीचा क्रमांक, टँकर, पेस्ट. साक्षीदाराच्या जागी तात्यांनी सही करायचे कबूल केले आणि वही घेऊन ते खुर्चीवर बसले. सहीला त्यांना बराच वेळ लागला, पण वयोमान म्हणून मी डोकावलो नाही. काल तेल कंपनीच्या एका अधिकाऱ्याचा फोन आला. अतिशय सभ्य माणूस होता. त्याने तक्रार वाचल्याचे सांगितले, गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि मग जरा अडखळत विचारले, “सर, डिझेलचं आम्ही पाहतोच, पण ते तीन एकर उसाचं बिल नक्की कोणत्या कारखान्याकडे थकलंय, ते इथं लिहिलेलं नाही.”