ठेव मोडून दाखव

आमच्या घरातून काहीही दुसऱ्याकडे ठेवायला द्यायचं असेल, मग तो दागिना असो, कागद असो की लोणच्याची बरणी, तर प्रस्ताव आधी आप्पांपुढे मांडावा लागतो. आप्पा म्हणजे माझे वडील. सहकारी बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाले. सांगलीत सहकारी बँकेत अख्खी नोकरी काढून जो माणूस धडपणे बाहेर पडतो, त्याचा जगावर जेवढा विश्वास उरतो तेवढा त्यांचाही उरलाय. घरच्या कॉम्प्युटरचा बॅकअप, म्हणजे सगळ्या फायलींची जादा प्रत, आता ऑनलाइन ठेवू या, असं मी म्हणालो तेव्हा त्यांनी पेपराची घडी घातली आणि एवढंच विचारलं, "ठेव परत मिळते का?"

मला वाटलं, जुन्या माणसाची शंका, दोन मिनिटांत मिटेल. पुढचा सगळा पावसाळा त्याच एका शंकेत गेला.

मुळात ही भानगड निघाली कॉम्प्युटर करकरायला लागला म्हणून. दुरुस्तीवाल्या पोराने कान लावून ऐकलं आणि डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगतात तसल्या आवाजात म्हणाला, "काका, डिस्क जातीय. काय असंल ते काढून घ्या." बाहेरची हार्ड डिस्क विकत आणून तीत सगळं भरणं हा सरळ मार्ग होता आणि तो आम्ही केलाही. पण ती डिस्क ठेवली कुठे? कॉम्प्युटरशेजारच्या कपाटात. आम्ही राहतो गावभागात, सांगलीच्या नदीकाठच्या जुन्या वस्तीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५. पाणी आलं की ते कॉम्प्युटर बुडवून कपाटाशी थांबत नाही, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

जाणकारांचा एक नियम आहे: प्रती तीन, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. हा नियम पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने लोकांपर्यंत नेला, असं मी कौतुकाने सांगितलं. आप्पा म्हणाले, "यात त्याचं काय? आम्ही कार्बन पेपर घालून तीन प्रती काढत होतो. एक ग्राहकाला, एक शाखेत, एक हेड ऑफिसला." दरवर्षी जागतिक बॅकअप दिनसुद्धा साजरा होतो, असं मी पुढे रेटलं. कधी, म्हणाले. ३१ मार्चला. आप्पांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "क्लोजिंगच्या दिवशी? कुणाला वेळ असतो रे त्या दिवशी?"

मग मी इंटरनेटवर बसून एकेक सेवा तपासू लागलो, आणि आप्पा माझ्यामागे खुर्ची टाकून बसू लागले. पहिली पायरी अर्थातच फुकट. गुगल १५ जीबी फुकट देतं. त्यातच मेल, त्यातच फोटो, त्यातच फायली. ॲपल ५, मायक्रोसॉफ्ट ५, ड्रॉपबॉक्स २. आमच्या कॉम्प्युटरवरचा ऐवज ५०० जीबीच्या घरात. एका जागी मावत नाही म्हटल्यावर बायकोने सुचवलं, थोडं थोडं सगळ्यांकडे ठेवू. आप्पांना सुनेचा विचार तत्त्वतः पटला, कारण सगळी रक्कम एका बँकेत ठेवू नये. पण इतके पासवर्ड कोण सांभाळणार या मुद्द्यावर ठराव बारगळला.

त्यानंतर आमच्या हाती लागला तो 'अनलिमिटेड' हा शब्द. महिन्याला ठरावीक पैसे भरा आणि वाट्टेल तेवढं ठेवा. मी हुरळून आप्पांकडे पाहिलं, तर ते एखादी पतसंस्था दामदुप्पट योजना जाहीर करते तेव्हा जसे बघायचे तसे बघत होते. "आजवर असं कुणी कुणी दिलं आणि त्यांचं काय झालं ते काढ," म्हणाले. काढलं. मोझी नावाच्या सेवेने २०११ मध्ये अमर्याद योजना बंद केली. मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये अमर्याद जागा दिली आणि पुढच्याच वर्षी परत घेतली. ॲमेझॉनने २०१७ मध्ये तेच केलं, आणि २०२३ च्या अखेरीस त्या सेवेलाच कुलूप लावलं. क्रॅशप्लॅनने २०१७ मध्ये घरगुती गिऱ्हाइकांना निरोपाचा नारळ दिला. गुगलची फोटोंची अमर्याद फुकट सोय १ जून २०२१ ला संपली. आप्पा प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने फुली मारत गेले. रागाने नाही, समाधानाने. आपल्या व्यवसायातलं दुःख साता समुद्रापलीकडेही आहे हे कळल्याचं समाधान. अजून अमर्याद देणाऱ्या आहेत. बॅकब्लेझ त्यातली एक, मी पाहिलं तेव्हा एका कॉम्प्युटरला वर्षाला ९९ डॉलर. "कधीची कंपनी?" २००७ ची. "बरं. फुली नको, प्रश्नचिन्ह टाकू."

इथे मला वाटलं की आता तांत्रिक भाग आला, आप्पा झोपतील. झालं उलटंच. सिंक आणि बॅकअप यांतला फरक मला समजायला तीन लेख वाचावे लागले. सिंकमध्ये एकच फोल्डर सगळ्या यंत्रांवर दिसतं, इकडे बदल केला की तिकडे होतो, आणि इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. आप्पा ताबडतोब म्हणाले, "जॉइंट अकाउंट. आयदर ऑर सर्व्हायव्हर. सूनबाईंनी काढले की माझेही गेले." पुसलेलं काही दिवस कचरापेटीत राहतं, असं मी सांगून पाहिलं. पण व्हायरसने इथल्या फायली कुलूपबंद केल्या तर कुलूपबंद फायलीच इमानेइतबारे तिकडे पोचतात, हे वाचल्यावर मीच गप्प झालो. आप्पांनी निकाल दिला: "मला खातं नको, ठेव हवी. मुदत ठेव." शोधलं तर बॅकअप सेवांमध्ये जुन्या आवृत्त्या ठरावीक काळ धरून ठेवायची सोय असते, कुणी तीस दिवस, कुणी वर्षभर. मुदत या शब्दाने आप्पा कंपनीबद्दल पहिल्यांदाच बरं बोलले.

पण लॉकरपाशी गाडी पुन्हा अडली. काही सेवा म्हणतात, तुमच्या फायलींच्या कुलपाची किल्ली फक्त तुमच्याकडे. आम्ही ठरवलं तरी तुमच्या फायली उघडू शकत नाही. मला ही फार थोर गोष्ट वाटली होती. आप्पांनी विचारलं, "आणि किल्ली हरवली तर? आम्ही गिऱ्हाइकासमोर कंपनीचा माणूस बोलावून लॉकर फोडून देत होतो, खर्च त्याचा." मी म्हणालो, इथे फोडता येत नाही, ती किल्ली गेली की सगळं गेलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. आमच्या घरात गोदरेजच्या कपाटाची किल्ली कुठे असते हे फक्त आईला माहीत होतं आणि ती गेल्यावर आम्हाला कपाट कापावं लागलं होतं, त्यामुळे हा विषय तात्त्विक राहिला नव्हता. ठरलं असं की किल्ली कंपनीकडेच राहू दे. आमच्या फोटोत डोकावून अमेरिकेतल्या माणसाला काय मिळणार? माझी भाचीच्या बारशातली ढेरी.

मग निघाला निष्क्रिय खात्याचा प्रश्न. बँकेत दोन वर्षं व्यवहार झाला नाही तर खातं निष्क्रिय होतं, आणि दहा वर्षांनी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. तरीही वारसाने कागद दाखवले तर मिळते. हे आप्पा डोळे मिटून सांगतात. गुगलचंही दोन वर्षांचंच आहे, फक्त नंतर ते वैयक्तिक खातं पुसून टाकू शकतात, असं मी सांगितलं. "पुसून? निधीत नाही टाकत?" नाही. "आणि वारस?" इथे मात्र माझी बाजू भक्कम होती. गुगलने २०१३ मध्येच अशी सोय केलीय की तुम्ही ठरवलेल्या काळात खातं वापरलं नाही तर तुम्ही नेमलेल्या माणसाला कळवलं जातं आणि तुम्ही परवानगी दिली तेवढं त्याला मिळतं. आप्पा सरसावून बसले. नॉमिनेशन! तो सगळा दिवस त्यांनी स्वतःच्या गुगल खात्याला वारस लावण्यात घालवला. माझं नाव सुचवलं गेलं, चर्चेला आलं, आणि नातीचं नाव लागलं. "तुझे पासवर्ड तुलाच आठवत नाहीत," हे कारण इतिवृत्तात नोंदलं गेलं.

आगीचं विचारायचं ते विसरतील असं वाटलं होतं. विसरले नाहीत. २०२१ च्या मार्चमध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएचक्लाउड या कंपनीचं डेटा सेंटर जळालं आणि ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यांचा तोही गेला, हे मी प्रामाणिकपणे वाचून दाखवलं. बँकेतल्या ठेवींना असतो तसा पाच लाखांपर्यंत विमा आहे का, या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही.

पैसे भरण्याचा प्रसंग त्यामानाने सुखाचा. डॉलरात बिल, वर कर, वर कार्डवाल्यांचा परकीय चलनाचा आकार. कंपनीला हवं होतं की दरवर्षी पैसे आपोआप कापले जावेत. पण १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे असल्या कापण्यांवरचे नियम कडक झाले आहेत, आणि परदेशी वर्गणी कार्डावरून आपोआप जाईलच याची खात्री उरलेली नाही. मला हा अडथळा वाटला. आप्पांना ही रिझर्व्ह बँकेने त्यांच्या वतीने केलेली कारवाई वाटली. "विचारल्याशिवाय कुणाच्या खात्यातून काढायचं नसतं." आता नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर, गॅस सिलिंडरच्या नोंदीशेजारी, लाल पेनाने लिहिलेली असते. कंपनीचं नाव मी इथे सांगत नाही. आप्पांच्या मते ठेव कुठे आहे हे चारचौघांत बोलू नये.

काय ठेवायचं यावर मात्र घरात खरी लढाई झाली. मी मोजदाद केली तेव्हा कळलं की ऐवजाचा मोठा हिस्सा म्हणजे आप्पांच्या फोनमधून दर आठवड्याला कॉम्प्युटरवर उतरवलेले सुप्रभात. गुलाब, चहाचा कप, स्वामी समर्थ, पुन्हा गुलाब. बायको म्हणाली, हे तेवढे वगळा. आप्पा म्हणाले, "लहान ठेवीदाराला परत पाठवायचं नसतं." शेवटी अमर्याद योजनेचा फायदा असा झाला की कुणालाच हरावं लागलं नाही. गुलाब आता परदेशात सुरक्षित आहेत.

पाठवायला लागला तो वेळ वेगळाच. जाहिरातीतला वेग फायली उतरवून घ्यायचा (डाउनलोडचा) असतो, चढवायचा (अपलोडचा) नव्हे, हे कुणी ठळक छापत नाही. त्यात जागा मोजतात बाइटमध्ये आणि वेग बिटमध्ये, म्हणजे सरळ आठने भागायचं. आमच्याकडे चढवायचा वेग दहा एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला दहा मेगाबिट; ५०० जीबीला अखंड चालू ठेवलं तर साडेचार दिवसांच्या वर. अखंड कसलं! रात्री सगळे स्विच बंद करून झोपायचं हा आमच्या घरातला आईच्या काळापासूनचा कायदा. सेवा बिचारी सोडलं तिथून पुन्हा सुरू करायची. आप्पा सकाळी चहाआधी टक्के बघून वहीत लिहायचे.

शंभर टक्के झाले त्या दिवशी मी पेढे आणणार होतो. आप्पा म्हणाले, "थांब. ठेव मोडून दाखव."

या एका बाबतीत ते जगाच्या पुढे आहेत, हे मला मान्य करावं लागलं. सगळ्या कंपन्या ठेवून कसं घेतो याचं वर्णन करतात. परत कसं देतो हे पान शोधावं लागतं. फार मोठा ऐवज असेल तर बॅकब्लेझसारखी कंपनी डिस्कवर भरून टपालानेही पाठवते, हे वाचून आप्पांना मनीऑर्डर आठवली. पण आम्हाला एकच फाईल हवी होती: २००९ चा गल्लीतल्या गणेश मंडळाचा वर्गणी तक्ता. आप्पा तेव्हा खजिनदार. मागणी नोंदवली, थोड्या वेळात फाईल आली, उघडली. रकमांचा रकाना चोख. नावांच्या रकान्यात मात्र कंस, टोप्या, चांदण्या आणि उलटी प्रश्नचिन्हं. तेव्हाचा मराठी फॉन्ट युनिकोडचा, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणारा, नव्हता आणि नव्या कॉम्प्युटरवर तो नाहीच. कंपनीने एकही बिट इकडचा तिकडे न करता आमची ठेव परत केली होती, जुन्या पाचशेच्या नोटांत.

"रक्कम बरोबर आहे," आप्पा म्हणाले. "पण बेनामी झालीय."

फॉन्ट शोधतो म्हटलं तर नको म्हणाले. पेन्सिल घेतली आणि रकमांवरून नावं लावायला बसले. पाचशे एक, हा पेट्रोल पंपवाला. एकशे एक, डॉक्टर. एक्कावन्न, हा मास्तर, दर वर्षी एक्कावन्नच, पगारवाढ झाली तरी. एकवीस, कोपऱ्यावरचा किराणावाला, तोही हप्त्याने. नात खाली बसून लिहून घेत होती. अकरा रुपयांपाशी ती थांबली. "आजोबा, अकरा कुणाचे?"

"अकरा?" आप्पांनी चष्मा वर केला. "ते तुझ्या आईचे वडील. तेव्हा पलीकडच्याच गल्लीत राहायचे."

स्वयंपाकघरातला कुकरचा आवाज सोडून सगळे आवाज थांबले. बायको पदराला हात पुसत बाहेर आली आणि अगदी शांतपणे मला म्हणाली, "अहो, ती फाईल पुसायची झाली तर कशी पुसतात?"

मी तिला समजावून सांगितलं की इथून पुसली तरी जुनी प्रत तिकडे वर्षभर राहते.