गाडी सगळं घरी सांगते

नवी गाडी दाखवताना सेल्समनने इंजिनाचा विषयच काढला नाही. गाडीत सिम आहे, गाडीला पुढचं दिसतं, गाडी आपली आपण ब्रेक मारते, गाडी मोबाइलशी बोलते, आणि शेवटी आवाज खाली आणून, "सर, ही लेव्हल टू आहे." शेजारी माझे सासरे उभे होते. आयुष्यभर एसटी चालवून निवृत्त झालेले. त्यांनी विचारलं, "वर किती लेव्हल आहेत?"

"पाचपर्यंत, काका."

"मग जावईबापू, दोनच का घेताय?"

गाडी किती आपली आपण चालते, त्याच्या या पातळ्या. शून्यापासून मोजतात. दुसऱ्या पातळीवर स्टिअरिंग, ब्रेक आणि वेग गाडी सांभाळते, पण डोळे रस्त्यावर तुम्ही ठेवायचे आणि जबाबदारीही तुमचीच. म्हणजे श्रेय गाडीचं, चलान आपलं. पाचव्या पातळीला माणूस लागतच नाही. गाडी कुठेही, कशाही हवेत जाते. सासरे म्हणाले, त्यात काय, आमचे वडील बाजारातून येताना गाडीत झोपायचे, बैल बरोबर दारात आणून सोडायचे. मी नीट विचार केला तर ती पाचवी नाही, चौथी पातळी भरते. कारण बैलांना बाजार ते घर एवढाच रस्ता माहीत. अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात २०२० पासून कुणीही बिनड्रायव्हरच्या टॅक्सीत बसू शकतं, पण तीही आखून दिलेल्या हद्दीतच फिरते. तंत्रज्ञान बैलांपर्यंत पोचलंय, असं म्हणायला हरकत नाही.

गाडी घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी कर्वे रस्त्यावर आम्हा दोघांचे मतभेद सुरू झाले. तिला पांढरे पट्टे हवे असतात. आमच्याकडे पट्टे मारतात, मग रस्ता खणतात, मग बुजवतात, मग निम्म्या रुंदीत नवे मारतात. गाडी जुन्या आणि नव्या पट्ट्यांच्या मधोमध गोंधळून स्टिअरिंगला हिसका देते. पुढच्या गाडीपासून ती सुरक्षित अंतरही ठेवते. पुण्यात दोन गाड्यांमध्ये अंतर ठेवणं म्हणजे पंगतीतून पाणी प्यायला उठणं. परत येईपर्यंत पानावर दुसराच कुणी बसलेला. एक स्कूटी शिरली की गाडी मागे सरकते, तेवढ्यात रिक्षा शिरते, ती आणखी मागे सरकते. या सौजन्याने मी एकदा डेक्कनकडे जाताना कोथरूडच्या जवळजवळ जात होतो.

आणि ब्रेक! कुणी कट मारला की गाडी लाल दिवा लावून किंचाळते आणि जागच्या जागी थांबते. मागचे सगळे हॉर्न मला बसतात. कट मारणारा तोवर नळ स्टॉपला.

यात तिचा तरी काय दोष? बिनड्रायव्हरच्या गाड्यांची पहिली लांब पल्ल्याची शर्यत २००४ साली अमेरिकेच्या मोहावी वाळवंटात झाली. वाळवंट म्हणजे तिथे रिक्षा नाही, वरात नाही, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ रस्त्यात नाही. शर्यत सुमारे २४० किलोमीटरची, बक्षीस १० लाख डॉलर. सगळ्यात पुढे गेलेली गाडी १२ किलोमीटरच्या आत अडकली. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पुढच्या वर्षी पाच गाड्या पोचल्या, हे खरं. पण २०१७ मध्ये व्होल्वो कंपनीच्या गाडीला ऑस्ट्रेलियात कांगारूने घाम फोडला. प्राणी किती दूर आहे हे गाडी जमिनीच्या अंदाजाने ठरवायची. कांगारू हवेत असला की लांब वाटायचा, टेकला की जवळ. एका उडी मारणाऱ्या प्राण्याने ही अवस्था केली. आमच्याकडे दुभाजकावरून गोणीसकट उडी मारणारी माणसं आहेत.

हैदराबादच्या ट्रिपल-आयटीने भारतीय रस्त्यांच्या चित्रांचा एक मोठा संग्रह केला आहे, गाड्यांना शिकवण्यासाठी. त्यात ऑटोरिक्षाला स्वतंत्र वर्ग दिला आहे. जर्मन रस्त्यांवर शिकलेल्या गाडीला हे वाहन मोटारसायकल की खोली, तेच कळत नसणार. पण रिक्षा ओळखता येणं वेगळं आणि रिक्षावाल्याच्या मनातलं ओळखता येणं वेगळं. त्याचा उजवा पाय बाहेर आला म्हणजे तो वळणार. आला नाही म्हणजेही वळू शकतो. रस्ता ओलांडणाऱ्या आजी गाडीकडे न बघता नुसता पंजा दाखवतात. तो पंजा म्हणजे विनंती नसते, आदेश असतो. इंग्लंडात समोरच्याने डिपर दिला तर बहुतेक वेळा 'तुम्ही व्हा पुढे' असं समजायचं. आपल्याकडे डिपर म्हणजे 'मी आलो, तू थांब'. आयात केलेलं सॉफ्टवेअर इथे पहिल्या चौकातच धारातीर्थी पडेल.

सेल्समन म्हणाला होता, पुढे गाड्या गाड्यांशी बोलणार आहेत, सर. दोन चौक पलीकडे काय झालंय ते तुमच्या गाडीला आधी कळेल. मला त्याची कीव आली. पुण्यात हे कधीपासून चालू आहे. एखाद्याच्या दुचाकीचं स्टँड वर करायचं राहू द्या, तीन अनोळखी माणसं जिवावर उदार होऊन शेजारी येतात आणि "स्टँड! स्टँड!" ओरडून निघून जातात. आभार मानायची सोय नाही. पुढे पोलीस उभे असले की समोरून येणारा हाताने हेल्मेट घालून दाखवतो. सर्व्हर नाही, सबस्क्रिप्शन नाही.

तरी एका बातमीने मला आशा वाटली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत बिनड्रायव्हरच्या टॅक्सी एका वाहनतळावर मुक्कामाला होत्या. रिव्हर्स घेत येणारी गाडी फार जवळ आली की हॉर्न द्यायचा, असं त्यांना शिकवलेलं. मग पहाटे चार वाजता रिकाम्या गाड्या एकमेकींना हॉर्न देत बसायच्या आणि शेजारची वस्ती जागी. कारण नाही, माणूस नाही, नुसता हॉर्न. कंपनीने घाईघाईने दुरुस्ती केली म्हणे. का केली कळत नाही. इथे येण्याची पात्रता आत्ता कुठे आली होती.

अर्थात इथे येण्याची चिन्हं नाहीत. ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातील म्हणून बिनड्रायव्हरच्या गाड्या भारतात येऊ देणार नाही, असं गडकरींनी २०१७ मध्ये सांगितलं आणि २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं. सासऱ्यांनी दोन्ही वेळा पेपर घडी घालून जपून ठेवला.

या सगळ्याची सवय झाली असती. खरा त्रास त्या सिमचा. गाडी जे बघते ते बायकोच्या मोबाइलला सांगते. जोरात ब्रेक मारला, सांगते. वेग वाढला, सांगते. एसी चालू ठेवून उभी आहे, तेही. मी घरात पाऊल टाकायच्या आधी बातमी पोचलेली असते. पूर्वी "कुठे होतात?" हा प्रश्न असायचा, आता तो तोंडी परीक्षेसारखा विचारला जातो, उत्तर तिच्या हातात असतं.

सासरे मात्र गाडीच्या बाजूचे. "चांगली शिस्त आहे तिला," म्हणायचे. परवा आम्ही दोघे त्यांची औषधं आणायला निघालो. मी खड्डे चुकवत होतो. खड्डे चुकवणारा माणूस आणि डुलक्या घेणारा माणूस, दोघांचं स्टिअरिंग सारखंच फिरतं. गाडीने टुणकन आवाज केला आणि पडद्यावर कपाचं चित्र आलं: विश्रांती घ्या.

"थांबा," सासरे म्हणाले, "गाडी सांगतेय."

"अहो बाबा, ती झोपेबद्दल..."

"मशीन उगीच सांगणार नाही."

थांबलो. चहा आला, आणि टपरीवर वडे तळत होते म्हणून वडापावही आला. त्यांनी तिखट मिरची मागून घेतली. पहिला घास तोंडाशी गेला आणि माझा फोन वाजला.

"अहो, गाडी त्या वडेवाल्यासमोर उभी दिसतेय," बायको म्हणाली. "बाबांना फोन द्या."

सासऱ्यांनी फोन कानाला लावला. "नाही गं... चहाच... नाही, नुसता चहा... बरं." फोन परत दिला, वडापाव माझ्या हातात ठेवला, थोडा वेळ बॉनेटकडे बघितलं आणि मग हळूच विचारलं, "जावईबापू, हिचं सिम नक्की कुठं बसवलेलं असतं हो?"