कारखान्यातला ओघळ पुसायचा की ठेवायचा? – एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

१९६९च्या शेव्हरले कॅमेरो झी/२८ या अमेरिकी गाडीच्या रिस्टोरेशनवरील, म्हणजे तिला मूळ रूपात परत आणण्यावरील, माझ्या लेखाला आपण सविस्तर आणि रोखठोक प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभार. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी आपले आक्षेप थोडक्यात सांगतो. रंगाचे ओघळ, एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळीवर) उडालेला नारिंगी रंग आणि बॉनेटच्या कडेची कमीजास्त फट या कारखान्यातल्या कामचुकारपणाच्या खुणा असून त्या पैसे मोजून पुन्हा घडवणे हा निव्वळ पोरखेळ आहे, असे आपले म्हणणे आहे. नवे सुटे भाग बसवलेल्या गाडीला ‘मूळ’ म्हणणे ही आपल्या मते धूळफेक आहे. शिवाय गाडी चालवण्यासाठी असते, प्रदर्शनात मांडण्यासाठी नसते, असेही आपण बजावले आहे. तिन्ही आक्षेपांचे वजन सारखे नाही, त्यामुळे उत्तरातही त्यांना सारखी जागा देत नाही.

कामचुकारपणाचा आरोप मला मान्य नाही, आणि त्याचे कारण इंजिनावरच दिसते. या गाडीचे ३०२ घनइंची इंजिन मिशिगनमधील फ्लिंट येथे जुळवले जाई आणि त्यावर नारिंगी रंगाचा फवारा मारला जाई तेव्हा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आधीच बोल्टने आवळलेले असत. ते ओतीव लोखंडाचे भाग झाकत बसण्याचे कामगाराला काही कारण नव्हते, कारण गाडी थोडी चालली की त्यांच्यावरचा रंग जळून जाणार हे त्याला आणि त्याच्या वरच्या अधिकाऱ्यालाही ठाऊक होते. म्हणजे सिलिंडर हेडलगतच्या भागावर दाट आणि पुढे विरळ होत जाणारा तो नारिंगी पट्टा हा कामाच्या क्रमाचा परिणाम आहे. आधी काय बसवले आणि नंतर काय रंगवले, हे तो सांगतो. आजचा हौशी गॅरेजवाला मॅनिफोल्ड वेगळे काढतो, त्यावर चंदेरी सिरॅमिकचा थर चढवतो आणि ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडाला, काचेसारखी चकाकी आणतो. असे इंजिन दिसायला देखणे असते, पण फ्लिंटच्या दारातून तसे इंजिन कधीही बाहेर पडलेले नाही. आपल्याकडे जुन्या देवळाच्या काळ्या पाषाणावर भक्तिभावाने ऑइलपेंट फासतात, त्यातलाच हा प्रकार आहे.

बाहेरच्या रंगाचेही तेच. जनरल मोटर्स त्या काळी ॲक्रिलिक लॅकर वापरत असे, तर फोर्ड आणि क्रायस्लर ॲक्रिलिक इनॅमल वापरत. दोहोंची चमक, पोत आणि म्हातारपण वेगवेगळे असते. आज सर्रास वापरला जाणारा रंग अधिक पारदर्शक आवरण यांचा दुहेरी थर इतका खोल आणि ओलसर दिसतो, की सावलीत उभी असलेली गाडीही भिजल्यासारखी वाटते. तो टिकाऊ आहे, आणि रोज चालवायच्या गाडीला कोणी तो दिला तर माझी तक्रार नाही. परंतु १९६९ साली ग्राहकाने शोरूममध्ये काय पाहिले, हा प्रश्न असेल, तर त्याचे उत्तर त्या थरात मिळणार नाही.

आता यात खरी अडचण कोठे आहे, तेही सांगतो, कारण आपल्या आक्षेपात तिच्याकडे दुर्लक्ष झाले आहे. ‘कारखान्यातून आली तशी’ असे एकच एक रूप नसते. त्या वर्षीची कॅमेरो ओहायोतील नॉरवुड आणि कॅलिफोर्नियातील व्हॅन नाइस अशा दोन ठिकाणी तयार होत होती, आणि १९७०चे नवे मॉडेल लांबल्यामुळे तिचे उत्पादन नोव्हेंबर १९६९पर्यंत चालू राहिले. दोन कारखान्यांच्या सवयी वेगळ्या होत्या. नॉरवुडने डिसेंबर १९६८च्या सुमारास गाडीच्या काउलवरील (पुढच्या काचेखालच्या पत्र्यावरील) पट्टीवर एक्स-३३, एक्स-७७ असे संकेत छापायला सुरुवात केली, त्यावरून ती गाडी झी/२८ आहे हे कळते. व्हॅन नाइसच्या पट्टीवर असा संकेतच नाही. त्यामुळे एका गाडीवर पाहिलेली खूण दुसरीवर डोळे झाकून उमटवणे चूक ठरते. माझा नियम असा आहे, की जी खूण याच गाडीवर पत्रा सुटा करण्यापूर्वी छायाचित्रात टिपली गेली, किंवा जी त्याच कारखान्याच्या आणि जवळपासच्या तारखेच्या, कधीही हात न लागलेल्या अनेक गाड्यांवर सातत्याने आढळते, तेवढीच पुन्हा करावी. काही मंडळी निरीक्षकांच्या खडूच्या खुणा फायरवॉलपासून (इंजिनामागच्या पत्र्यापासून) मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलपर्यंत हौसेने रेखाटतात. त्यांच्याबद्दल आपण वापरलेला ‘पोरखेळ’ हा शब्द मी आनंदाने उसना घेतो.

या निमित्ताने एअर पंपाचे उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. झी/२८वर प्रदूषण कमी करण्यासाठी पट्ट्यावर फिरणारा एक पंप होता, तो नळ्यांवाटे एक्झॉस्टमध्ये हवा सोडत असे. ही गाडी शर्यतीच्या वेडापायी जन्मलेली; ट्रान्स-ॲम मालिकेत ३०५ घनइंचांची मर्यादा होती म्हणून तर ३०२चे इंजिन घडवले गेले. अशी गाडी घेणाऱ्या पोरसवदा मालकाला तो पंप म्हणजे लोढणे वाटे. त्याने तो काढला आणि भंगारात टाकला. परिणामी आज योग्य तारखेचा मूळ पंप, त्याची पुली आणि नळ्या मिळवण्यासाठी लोक जुन्या भागांचे बाजार पालथे घालतात. माझ्या लेखातील गाडीवर मी तो संच परत बसवला, याचे आपल्याला हसू आले. पण तो नसेल, तर १९६९ साली अमेरिकेत धुराविषयी कायदे होऊ लागले होते आणि सर्वात उनाड गाडीलाही ते पाळावे लागत होते, ही गोष्ट बॉनेट उघडल्यावर दिसणारच नाही.

धूळफेकीचा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि त्यातल्या निम्म्या भागाशी मी पूर्णपणे सहमत आहे. नव्याने बनवलेली होज क्लिप, नवे कापड, नवे टायर यांना मी ‘मूळ’ म्हणत नाही. ‘मूळ नमुन्याबरहुकूम’ म्हणतो, आणि मालकाला दिलेल्या यादीत प्रत्येक भागासमोर तो जुना की नवा हे लिहिलेले असते. मात्र एका ठिकाणी ही मोकळीक संपते. उजव्या बाजूच्या सिलिंडर हेडच्या पुढे ब्लॉकवर एक बोटभर रुंदीची सपाट पट्टी असते. तिच्यावर इंजिन जुळवल्याची तारीख आणि प्रकार ठोकलेला असतो. व्ही-०३१२-डीझी असे असेल, तर ते इंजिन फ्लिंटचे, १२ मार्चचे आणि झी/२८चे. गाडीच्या क्रमांकाचा अंशही ब्लॉकवर ठोकलेला असतो, आणि नॉरवुडच्या गाडीत तो १९एन असा सुरू होतो. पट्टी स्वच्छ पुसून, तिरका उजेड टाकून भिंगातून पाहिले, तर अंकांच्या खाली बारीक, सरळ, एकमेकींना समांतर रेषा दिसतात. ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग ब्रोचिंगच्या (दातेरी हत्याराने सरळ रेषेत तासणाऱ्या) यंत्राने तासताना त्या उमटलेल्या असतात. पुढे कोणी ब्लॉक पुन्हा घासला, तर त्या रेषा आणि मूळ अंक दोन्ही जातात. मग गुळगुळीत किंवा गोलाकार ओरखडे असलेल्या पट्टीवर ठसठशीत नवे अंक ठोकून ‘हेच मूळ इंजिन’ असे सांगणारे लोक भेटतात. ही फसवणूक आहे. रंगाचा ओघळ पुन्हा घडवणारा माणूस एक दृश्य उभे करत असतो, तर अंक ठोकणारा खोटी साक्ष देत असतो, आणि या दोघांना आपण एकाच तराजूत तोलू नये, एवढीच माझी विनंती आहे. असे काम घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला मी दारातूनच परत पाठवतो.

गाडी चालवण्याबद्दल वाद नाहीच. ही गाडी चालते. तिच्या मापाचे ई७०-१५ तिरक्या थरांचे टायर रस्त्यातल्या प्रत्येक चाकोरीच्या मागे धावतात, म्हणून लांब जायचे असेल तेव्हा रेडियल चढवतो. मूळ ११ पट संपीडनाला आणि शिशाविरहित पेट्रोलला जुळेल असे काम इंजिनाच्या पोटात केले आहे, ते बाहेरून दिसत नाही. ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर गाड्यांची रीघ लागते तेव्हा तीही रांगेत असते आणि उन्हात तापतेही.

प्रतिक्रियेच्या शेवटी आपण लिहिले आहे, की न्यू जर्सीतील आपल्या मामांकडे १९७०ची शेव्हेल एसएस आहे आणि ते तिची चासी सँडब्लास्ट करून (वाळूच्या माऱ्याने साफ करून) पावडर कोटिंगला देणार आहेत. वाद बाजूला ठेवून सांगतो : कृपया त्यांना थोडे थांबायला सांगा. त्या वर्षीच्या शेव्हेलमध्ये एसएस (सुपर स्पोर्ट) हा पर्याय म्हणून घेतला जाई, त्यामुळे गाडीच्या क्रमांकावरून ती खरी एसएस आहे की नंतर बिल्ले लावलेली मालिबू, म्हणजे साधी शेव्हेल, आहे, हे कळत नाही. पॉन्टियाकच्या नोंदी मागवता येतात, फोर्डच्या १९६७पासूनच्या नोंदी उपलब्ध आहेत, कॅनडात विकल्या गेलेल्या जनरल मोटर्सच्या गाड्यांचीही माहिती मिळते. परंतु अमेरिकेत विकल्या गेलेल्या शेव्हरलेच्या बाबतीत अशी सोय नाही. त्यामुळे कारखान्यात गाडीबरोबर फिरणारा बिल्डशीटचा कागद हाच मोठा पुरावा ठरतो. तो पेट्रोलच्या टाकीच्या माथ्यावर किंवा मागच्या सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला सापडू शकतो. टाकी उतरवताना वर हात घालून ओढू नये. ती सरळ खाली घ्यावी, कागद चिकटलेला असेल तर जागेवरच फोटो काढावा आणि तो सुटा करण्याची घाई करू नये. चासीवर ठोकलेला अंशक्रमांक उथळ असतो, ब्लास्टिंगने तो पुसट होतो आणि पावडरच्या जाड थराखाली उरलासुरलाही बुजतो, म्हणून आधी तारेच्या मऊ ब्रशने ती जागा साफ करून त्याचेही फोटो घ्यावेत. एवढे झाल्यावर त्यांनी चासीला कोणता रंग द्यावा, हा सर्वस्वी त्यांचा प्रश्न आहे. फोटो मला पाठवलेत, तर तारखा आणि संकेत जुळतात का, ते मी पाहून कळवीन.