"ज्यूंकडून शिका" वाला फॉरवर्ड परत आलाय

परत तेच. शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्कला आलेल्या ज्यूंनी आपली भाषा सोडली, पोरं गुपचूप इंग्रजी शाळेत घातली, कोणी तक्रार केली नाही, सवलत मागितली नाही आणि एका पिढीत सगळे डॉक्टर-प्रोफेसर झाले म्हणे.

"तक्रार केली नाही"? डिसेंबर १९०६ मध्ये शाळेतल्या ख्रिसमसच्या कार्यक्रमावर ज्यू आईबापांनी बहिष्कार टाकला, हजारो पोरं त्या दिवशी घरी. त्याच वर्षी जूनमध्ये शाळेतच पोरांच्या ॲडेनॉइडची (नाकामागच्या गाठींची) ऑपरेशनं झाली आणि डॉक्टर गळे कापतायत अशी अफवा उठली, तेव्हा लोअर ईस्ट साइड या न्यूयॉर्कमधल्या ज्यू वस्तीतल्या आया शाळांवर चालून गेल्या, काचा फोडल्या. अफवा खोटी होती, मान्य, पण याला गुपचूप म्हणतात का?

"भाषा सोडली" म्हणे. सोडली की सोडायला लावली? तिथली शाळा-अधिकारी ज्युलिया रिचमन, स्वतः ज्यू बरं का, पण आधीच येऊन स्थिरावलेल्या घरातली, तिने मधल्या सुट्टीतसुद्धा यिडिश (या ज्यूंची घरची भाषा) बोलायला बंदी घातली होती. आणि एवढं करून यिडिश गेली का, तर नाही, १८९७ ला सुरू झालेला फॉरवर्ड (यिडिश पेपर, तुमचा व्हॉट्सॲपवाला नव्हे!) पुढे दोन लाखांवर खपत होता, आणि शाळा सुटली की बरीच पोरं हिब्रू वाचायला हेदरमध्ये, म्हणजे ज्यूंच्या धार्मिक शाळेत, जायची.

सवलतींचं तर सोडाच. नवीन पोरांना आधी फक्त इंग्रजी शिकवायचे वेगळे वर्ग होते, स्टीमर क्लास म्हणायचे, बोटीवरून उतरलेल्यांचे म्हणून. १९०२ पासून शाळेत नर्स, ती आजारी पोरांच्या घरीही जायची. शिवाय एज्युकेशनल अलायन्स ही नव्याने आलेल्यांना शिकवणारी संस्था, ती तर श्रीमंत ज्यूंच्याच पैशावर.

आणि "सगळे डॉक्टर"? बहुतेक पोरं चौदाच्या आसपास शाळा सोडून कामाला लागायची. १९११ च्या न्यूयॉर्कमधल्या ट्रँगल या कपड्यांच्या कारखान्याच्या आगीत १४६ जण मेले, बहुतेक ज्यू आणि इटालियन मुली, काही चौदा वर्षांच्या. थोरली शिलाई मशीनवर बसली म्हणून धाकटा कॉलेजात जाऊ शकला अशी कितीतरी घरं होती. आणि ते कॉलेजही कुठलं, तर बहुतेकदा सिटी कॉलेज, जिथे १८४७ पासून १९७६ पर्यंत फी नव्हती. ग्रुपवरच्या काकांनी हा मुद्दाही फॉरवर्ड करावा.