‘एका रक्ताच्या टेस्टमध्ये एमएस कळतो’ हा मेसेज चुकीचा आहे

सध्या एक मेसेज जिकडेतिकडे फिरतोय: मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवर हल्ला करते तो आजार) आता एनएफएल नावाच्या एका रक्ताच्या टेस्टमध्ये कळतो, एमआरआयची गरज नाही, पाठीतलं पाणी काढू देऊ नका त्याने पाय जातात, आणि रिपोर्ट नॉर्मल आला की औषध बंद. ज्यांना नुकताच हा आजार निघालाय ते असलं काही आशेने वाचतात, म्हणून नीट लिहितोय.

आधी एनएफएल. न्यूरोफिलामेंट लाइट चेन हे नसांच्या तंतूंमधलं प्रोटीन, तंतूंना इजा झाली की ते बाहेर पडतं आणि थोडंसं रक्तात येतं. म्हणजे इजा होतेय एवढं कळतं, कशामुळे ते नाही कळत. स्ट्रोकमध्ये वाढतं, डोक्याला मार लागला तरी वाढतं, एएलएस या स्नायू चालवणाऱ्या नसा झिजवणाऱ्या आजारात तर खूपच वाढतं, शिवाय वयाप्रमाणे आपोआप चढतं आणि वजन जास्त असेल तर आकडा कमी दिसतो. मग एका आकड्यावरून एमएस आहे की नाही कसं ठरवणार? त्याचा खरा उपयोग पुढे आहे, निदान झालेल्या माणसाचा आकडा वेळोवेळी बघून आजार शांत आहे की नाही याचा अंदाज घ्यायला, तोही एमआरआयच्या जोडीने.

आता पाठीतल्या पाण्याबद्दल, म्हणजे तपासणीसाठी मणक्यातून काढतात त्या पाण्याबद्दल. सुई कमरेत खाली घालतात, मोठ्या माणसात मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. नंतर डोकं दुखू शकतं, काहींचं बरंच दुखतं, पण पाय जाण्याची भीती घालणं चूक आहे. त्या पाण्यात ऑलिगोक्लोनल बँड्स, म्हणजे अँटीबॉडीजच्या पट्ट्या, दिसतात, एमएसच्या बहुतेक पेशंटमध्ये सापडतात, आणि २०१७ च्या मॅकडोनाल्ड निकषांपासून (एमएसच्या निदानाचे ठरलेले नियम) निदानात त्यांना जास्त वजन मिळालं. प्रत्येकालाच पाणी काढावं लागतं असंही नाही, पण ते टळतं ते एमआरआय स्पष्ट असल्यामुळे, रक्ताच्या रिपोर्टमुळे नाही.

रक्ताच्या टेस्ट बिनकामाच्या आहेत असं मी अजिबात म्हणत नाहीये. अ‍ॅक्वापोरिन-४ अँटीबॉडीची टेस्ट बघा, ती पॉझिटिव्ह आली तर आजार एमएस नसून एनएमओ हा त्याच्यासारखा दिसणारा वेगळा आजार असतो, आणि एमएसची काही औषधं, उदाहरणार्थ इंटरफेरॉन बीटा, त्यात उलट नुकसान करतात. या टेस्टबद्दल त्या मेसेजमध्ये एक शब्द नाही याचं जास्त वाईट वाटतं!

आणि औषध बंद करण्याचं. औषध चालू असताना एनएफएल नॉर्मल येतं ते बऱ्याचदा औषध काम करतंय म्हणूनच. नॅटालिझुमॅब किंवा फिंगोलिमोड यासारखं एमएसचं औषध अचानक सोडलं तर काही जणांत आजार पहिल्यापेक्षा जोरात उसळतो. नॅटालिझुमॅबवर असताना जेसी व्हायरसच्या अँटीबॉडीची टेस्ट अधूनमधून करतात ती या व्हायरसमुळे होणाऱ्या मेंदूच्या पीएमएल या इन्फेक्शनचा धोका किती ते बघायला, आणि तो धोका वाढला तरी न्यूरोलॉजिस्ट औषध नुसतं थांबवून ठेवत नाहीत, शक्यतो दुसरं औषध वेळेत सुरू करून देतात.