शेवटची वीस मिनिटे आणि त्याआधीचा दीड तास

गेल्या शनिवारी संध्याकाळी आमच्या चित्रपट मंडळाने जपानी दिग्दर्शक ताकाशी मीके यांचा १९९९ सालचा 'ऑडिशन' दाखवला. काही वर्षांपूर्वी घरी एकटीने पाहिलेल्या या चित्रपटाने मला मुळापासून हादरवले होते, म्हणून तो एकदा मोठ्या पडद्यावर, अंधारात, चार माणसांच्या सोबतीने पाहावा एवढीच माझी इच्छा होती. परत आले ती इतकी संतापून, की रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. हा संताप चित्रपटावरचा नव्हता. तो माझ्या मागे बसलेल्या दोन रांगांवरचा होता आणि लिहून काढल्याशिवाय तो शमणार नाही.

सुरुवातीची वीस मिनिटे झाली नाहीत तोच मागून आवाज आला, "अरे, हा भयपट आहे ना? सुरू कधी होणार?" त्यावर दुसऱ्याने सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात दिलासा दिला, की थोडा धीर धर, शेवटची वीस मिनिटे खरी आहेत, तोवर मोबाइल बघ. आणि खरोखरच मोबाइल उघडले गेले. अंधारात पाच-सहा निळे चौकोन पेटले. एकाने आपल्या मैत्रिणीला मुद्दाम या चित्रपटाविषयी काहीही न सांगता आणले होते आणि शेवट जवळ आल्यावर तो पडद्याकडे पाठ करून तिच्या चेहऱ्याचे चित्रीकरण करत होता. ती हातांनी तोंड झाकत होती, "नको, बंद कर" असे हळू आवाजात म्हणत होती, आणि आजूबाजूचे हसत होते. दिवे लागल्यावर पहिले वाक्य कानावर पडले ते असे: "एवढेच? मला तर काहीच झाले नाही."

काहीच झाले नाही, याचा अभिमान कसला बाळगायचा? दोन तास एखाद्या कलाकृतीसमोर बसून आपल्यावर ओरखडाही उठला नाही, हे सांगताना माणसाची छाती फुगावी, ही गोष्ट माझ्या बुद्धीपलीकडची आहे. तिखट खाण्याच्या पैजा लावाव्यात तशा या चित्रपटावर पैजा लागतात. कोणी डोळे मिटले नाहीत, कोणी बाहेर गेले नाही, कोणाला मळमळले नाही, याचीच मोजदाद होते. आणि पडद्यावर नेमके काय घडले ते विचारले तर तीन वाक्यांत गोष्ट संपते. बाई वेडी असते, माणसाला औषध पाजते, मग छळते.

हा चित्रपट ११५ मिनिटांचा आहे. त्यातला जवळजवळ दीड तास ज्या गोष्टीत जातो तिच्याविषयी चकार शब्द निघत नाही, माझी तक्रार आहे ती हीच. शिगेहारू आओयामा हा विधुर. बायको जाऊन सात वर्षे झालेली, मुलगा हाताशी आलेला. बाबा थकल्यासारखे दिसतात, त्यांनी पुन्हा लग्न करावे, असे तो मुलगाच सुचवतो. आओयामाला बायको हवी आहे, पण ती कशी असावी याच्या त्याच्या अटी ठरलेल्या आहेत: वयाने लहान, शालीन, कुठली तरी कला शिकलेली. चित्रपटनिर्माता असलेला त्याचा मित्र योशिकावा त्याला एक युक्ती सांगतो. एका चित्रपटाच्या नायिकेची निवड चालली आहे असे जाहीर करायचे, मुलींचे अर्ज मागवायचे, त्यांना एकेक करून समोर बसवायचे, आणि त्यांतून आओयामाने स्वतःसाठी बायको निवडायची. आओयामा थोडा अस्वस्थ होतो. थोडाच. मग तो अर्जांचा ढीग घरी आणतो आणि रात्री टेबलाशी बसून फोटो उलटत राहतो.

हा सगळा भाग मीके यांनी इतक्या सौम्यपणे, इतक्या घरगुती उजेडात चित्रित केला आहे, की आपण त्या माणसाच्या बाजूला कधी जाऊन बसलो हे आपल्याला कळतच नाही. तो वाईट माणूस नाही. रयो इशिबाशी यांनी त्याला असा सभ्य, दमलेला चेहरा दिला आहे, की त्याचे भले व्हावे असे मनापासून वाटते. मग प्रत्यक्ष निवडीचा प्रसंग येतो. एकामागून एक मुली खुर्चीवर येऊन बसतात, आपले गुण सांगतात, काय येते ते करून दाखवतात, आणि हलकेफुलके संगीत चालू असल्यामुळे तो प्रसंग विनोदी वाटतो. शनिवारी सभागृह याच ठिकाणी सर्वांत मोठ्याने हसले. हसू येणे हा गुन्हा नव्हे. आपण हसावे अशीच त्या दृश्याची रचना आहे, आणि पहिल्या वेळी मीही हसले होते. पण चित्रपट पुढे सरकतो तसे ते हसू घशात अडकायला हवे की नाही? त्या प्रत्येक मुलीला काम मिळेल असे सांगून बोलावले होते. काही जणींनी त्या खुर्चीसाठी रात्ररात्र तयारी केली असेल. हे कोणाच्याच मनात येत नसेल, तर शेवटच्या वीस मिनिटांत दिसते ते निव्वळ रक्त उरते आणि मग ते "भारी" किंवा "किळसवाणे" यांपैकी काहीतरी एक असते.

मध्यंतर नव्हतेच, पण नंतर चहाच्या वेळी एका सुशिक्षित गृहस्थांनी निकाल दिला, की जपानी लोक मुळातच विकृत असतात, त्यांच्याकडे असलेच चालते. मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. फोटो पाहून मुलगी बोलवायची, ती खाली मान घालून पोह्यांची बशी घेऊन येणार, तिला शिक्षण विचारायचे, स्वयंपाक येतो का विचारायचे, गाणे म्हणायला लावायचे, आणि नंतर कळवतो म्हणून निघून जायचे, हे आपल्याकडे कोणत्या घरात झाले नाही? माझ्या मावसबहिणीला सतरा वेळा असे बसवले गेले. एका ठिकाणी तर पायात दोष नाही ना हे पाहण्यासाठी तिला दारापर्यंत चालायला सांगितले, आणि खोलीतले सगळे पुरुष, माझ्या मामांसह, त्या वेळी गालातल्या गालात हसत होते. त्या सतरांपैकी निम्म्या लोकांनी नकारही कळवला नाही. निवडीचा तो प्रसंग पाहताना अशी एखादी बहीण आठवली नाही असा मराठी माणूस कसा असू शकतो, हे मला त्या गृहस्थांना विचारायचे होते. विचारले नाही, कारण आवाज चढला असता.

आणि ही विकृती कोणा एका देशाची म्हणावी तर चित्रपटाचा इतिहासही तसे सांगत नाही. रयू मुराकामी यांची मूळ कादंबरी १९९७ सालची. १९९८ मध्ये 'रिंगु' हा जपानी भयपट प्रचंड चालल्यावर त्याच्या निर्मात्यांपैकी ओमेगा प्रोजेक्ट या कंपनीला पुढचा भयपट हवा होता, त्यातून हा चित्रपट उभा राहिला. पण यात 'रिंगु'सारखे भूत नाही, शाप नाही, विहीर नाही. २००० साली तो नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या महोत्सवात दाखवला गेला तेव्हा प्रेक्षक मोठ्या संख्येने उठून गेले, आणि त्याच महोत्सवात त्याला समीक्षकांचा पुरस्कारही मिळाला. त्या उठून गेलेल्यांविषयी माझ्या मनात आदरच आहे. त्यांना कोणी आधी सांगितले नव्हते. ते एका हळव्या विधुराची गोष्ट पाहायला बसले होते आणि त्यांच्या पायाखालची जमीन खरोखर सरकली. सहन होत नाही म्हणून उठून जाणे ही प्रामाणिक प्रतिक्रिया आहे. कोण किती वेळ टिकतो हे पाहायला बसणे ही नव्हे.

आता तर तो धक्का मिळण्याची सोयच उरलेली नाही. चित्रपटाच्या प्रसिद्ध पोस्टरवरच असामी, म्हणजे आओयामाने निवडलेली ती मुलगी, हातात सिरिंज घेऊन उभी आहे. तिची भूमिका करणाऱ्या एही शिइना यांनी पहिला तासभर जी शांतता सांभाळली आहे, टेलिफोनजवळ मान खाली घालून बसलेल्या त्या मुलीचा जो एकाकीपणा आपल्यापर्यंत पोचवला आहे, तो पाहण्याआधीच प्रेक्षकाला तिचा शेवट ठाऊक असतो. शेवटी छळतानाचा तिचा तो "किरी किरी किरी" असा लाडिक उच्चार लोक एकमेकांना चिडवायला वापरतात. शनिवारी जिन्यात दोन मुले तेच ओरडत उतरली. ज्या बाईच्या बालपणाविषयी त्या चित्रपटात जे दिसते ते दिसते, तिचे शब्द घेऊन ही मस्करी.

शहाण्यांचाही मला तेवढाच राग आला. चर्चेत एका बाजूने चित्रपट स्त्रीद्वेष्टा ठरला, दुसऱ्या बाजूने तो स्त्रीचा सूड म्हणून गौरवला गेला, आणि दोन्ही बाजूंनी एक शब्द चिकटवल्यावर काम संपल्यासारखे सगळे सैलावले. आओयामा पाहतो त्यातले किती घडते आणि किती त्याच्या अपराधी मनातून उगवते, ही चित्रपटातली सर्वांत अवघड जागा आहे. जेवणाच्या टेबलावरचा एकच संवाद आपण पुन्हा ऐकतो तेव्हा त्यातले शब्द बदललेले असतात. आधी त्याने ते ऐकलेच नव्हते का, असा प्रश्न तिथे उभा राहतो. ऐकून न ऐकणारा पुरुष, हा विषय दहा मिनिटे तरी बोलण्याजोगा नव्हता का? मी तो काढला तर संचालन करणाऱ्यांनी घड्याळ दाखवले.

निघताना दाराशी अभिप्रायाचे कागद वाटले. त्यावर एकच प्रश्न छापला होता: किती भीती वाटली, पाचपैकी गुण द्या. मागच्या रांगेतली ती मैत्रीण माझ्या शेजारीच उभी होती, डोळे लाल, हातात कोरा कागद. तिचा मित्र दुसऱ्यांना मोबाइलवर तिचाच चेहरा दाखवत होता. मी गुणांची चौकट मोकळी ठेवली आणि कागदाच्या पाठीमागे लिहिले, "बाकीच्या मुलींना नंतर कोणी काही कळवले का?" कागद गोळा करणाऱ्या मुलाने तो उलटून पाहिला, मला विचारले, "कोणत्या मुली?"

मी त्याला उत्तर न देता जिना उतरले, आणि अजूनही त्या प्रश्नाने माझे डोके तापलेले आहे.